तेर्स्की जिल्हा : सॅमनच्या वाटेवरची वस्ती

रशियाच्या कोला द्वीपकल्पाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पांढऱ्या समुद्राला लागून तेर्स्की जिल्हा पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर, लोकवस्ती मात्र काही हजारांचीच, आणि तीही बहुतांशी उंबा या मुख्य ठिकाणी एकवटलेली. जिल्ह्यातून उत्तर ध्रुववृत्त जाते, त्यामुळे शेतीवर पोट भरणे इथे कधीच शक्य नव्हते. गावे वसली ती नद्यांच्या आधाराने, कारण समुद्रातला सॅमन मासा अंडी घालण्यासाठी याच नद्यांत चढतो.

म्हणूनच इथला इतिहास बव्हंशी नदीवरील हक्काचा इतिहास आहे. नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहराकडून इथे आलेल्या लोकांचे वंशज पोमोर म्हणून ओळखले जातात. पंधराव्या शतकात उंबा आणि वर्झुगा इथल्या मासेमारीच्या जागांचे वाटे पांढऱ्या समुद्रातल्या बेटांवरील सोलोवेत्स्की मठाला दान मिळू लागले, आणि खारवलेला मासा व समुद्राचे पाणी उकळून काढलेले मीठ यांवर मठाचा व्यापार वाढला. वर्झुगा गावात १६७४ साली उभारलेले लाकडी चर्च आजही नदीकाठी आहे; एवढ्या आडबाजूच्या गावाला असे देऊळ परवडले, यावरूनच त्या काळच्या माशाची किंमत कळावी.

त्याच वर्झुगा नदीच्या तळाशी मोत्यांचे शिंपलेही आहेत. त्यांची सूक्ष्म पिल्ले सॅमनच्या कल्ल्यांना चिकटून कित्येक महिने काढतात आणि मग तळाशी उतरून स्वतंत्र जगू लागतात. म्हणजे सॅमन आटला की शिंपलाही संपला. पोमोर स्त्रियांच्या शिरोभूषणांवर जडवलेले मोती याच शिंपल्यांचे. नदीच्या मुखाशी असलेल्या कुझोमेन गावाची कथा मात्र उलटी आहे. जळणासाठी झालेली झाडतोड आणि गुरांची चराई यांनी पातळ माती उघडी पडली, असे मानले जाते, आणि आता गावाभोवती वाळूच वाळू असून दफनभूमीतले लाकडी क्रूसही तिच्यात रुतलेले दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंब्याजवळ करवतगिरणी निघाली, आणि नदीतून ओंडके वाहून आणण्याच्या धंद्यावर पुढची अनेक दशके रोजगार चालला. १९२७ साली जिल्हा स्थापन झाला, त्यानंतर किनाऱ्यावरचे मच्छीमार सामूहिक संस्थांत बांधले गेले. सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि लाकडाचा धंदा ढासळला. लोहमार्ग तर जिल्ह्यात कधी आलाच नव्हता. त्यामुळे पश्चिमेकडच्या कांदालाक्शा शहराहून येणारा रस्ताच जिल्ह्याचा मुख्य आधार राहिला, आणि वर्झुगा नदीपलीकडच्या चावांगा, चापोमा या गावांना तर तोही पोहोचत नाही.

वर्झुग्याच्या मत्स्यसंस्थेने 'साम्यवादाचे अंकुर' या अर्थाचे आपले जुने नाव सोव्हिएत काळानंतरही सोडले नाही. तिची जहाजे बॅरेंट्स समुद्रात मासे पकडतात. गावच्या नदीवर मात्र १९९० च्या सुमारापासून परदेशी हौशी मासेमार येऊ लागले. गळाला लागलेला सॅमन पुन्हा पाण्यात सोडून देण्यासाठी ते चांगले पैसे मोजत.