पार्श्वभूमी : विज्ञानकथा आणि पटावरचे खेळ

अलीकडच्या विज्ञानकथांमध्ये खेळ फार दिसतो. लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’मध्ये (चिनी पुस्तक २००८, इंग्रजी भाषांतर २०१४) नायक एका संगणकीय खेळात शिरतो. तिथे आकाशात तीन सूर्य आहेत आणि उद्या ते उगवतील की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. संस्कृती जळून वा गोठून नष्ट होतात आणि डाव पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एका डावात तर चिनी सम्राट तीन कोटी सैनिकांच्या हाती काळी-पांढरी निशाणे देतो आणि त्या अख्ख्या सैन्याकडून संगणकाचे काम करून घेतो. मला ते प्रकरण कादंबरीतले सर्वांत उत्तम वाटते. तीन वस्तूंच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित खेळता खेळता डोक्यात उतरते, आणि शेजारी बसून कुणी शिकवतेय असे क्षणभरही वाटत नाही.

हे काही आजकालचे खूळ नाही. ‘द टाइम मशीन’ लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले, ते चक्क खेळण्यातल्या शिपायांशी लढाई कशी खेळावी याच्या नियमांचे. जमिनीवर ठोकळ्यांची घरे मांडायची आणि स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळ्या मारून शिपाई पाडायचे. पुस्तकाच्या शेवटी वेल्स सांगतात की, हा खेळ तीनचारदा खेळून पाहिला की खरे युद्ध किती घोडचुकांचे असते ते कळते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

त्याच्याही मागे जायचे तर १८२४चे प्रशिया हे जर्मन राज्य. राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने लष्करासाठी एक युद्धखेळ बसवला. नकाशा खराखुरा, फौजांच्या जागी छोटे ठोकळे, आणि गोळीबारात किती माणसे पडली हे फासे व कोष्टके बघून ठरवायचे. दोन्ही बाजूंना फक्त आपल्याला दिसेल तेवढेच माहीत असे. सगळी परिस्थिती ठाऊक असे ती एकट्या पंचाला. सेनापतीला शत्रू दिसत नाही, ही गोष्ट बुद्धिबळाच्या पटावर कधीच येत नव्हती. ती इथे आली, आणि नशिबालाही हिशेबात जागा मिळाली.

इथून पुढे विज्ञानकथा आणि खेळ या दोन्ही वाटा एकमेकींत मिसळत गेल्या. १९६२ साली एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठात तरुण प्रोग्रामरांनी ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरचा खेळ बनवला. ही पोरे अंतराळयुद्धाच्या कादंबऱ्यांवर पोसलेली, म्हणून त्यांच्या खेळात दोन याने एका ताऱ्याच्या ओढीला सांभाळत लढतात. मागच्या पडद्यावरचे तारेसुद्धा खऱ्या आकाशातले घेतलेले. १९७४मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे होऊन साहसकथा खेळण्याचा खेळ आला, तो शिपायांच्या याच युद्धखेळांच्या कुळातला. त्याच्या कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या मार्गदर्शक पुस्तकाला, आपल्याला घडवणाऱ्या कादंबऱ्यांची यादी जोडली. कुठल्या पुस्तकांतून हा खेळ निघाला, हे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगून टाकले.

त्याच १९७४ साली मराठीत काय घडत होते? मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतलेले टोपणनाव. आपल्याकडे विज्ञानकथा त्यापूर्वीही होती, पण तिला वाचकांच्या घरात नेले ते नारळीकरांनी.

माझ्या मते खेळाच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी कथा त्यांचीच आहे, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पंत अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. फरक पडतो तो फक्त एका गोळीने. आपल्या इतिहासात विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून जाते. युद्धखेळ खेळणारा माणूस हेच करतो. मांडणी तीच, फौजा त्याच, फक्त फासा वेगळा पडतो, आणि पुढचे सगळे नियमाप्रमाणे चालू द्यायचे. नारळीकरांनी भावनेच्या भरात मराठ्यांना जिंकवलेले नाही. एक घटना बदलली आणि तिची किंमत शेवटपर्यंत मोजली. म्हणून ती कथा स्वप्नरंजन होत नाही. चांगल्या खेळाचा आणि चांगल्या विज्ञानकथेचा कस इथेच लागतो, असे मला मनापासून वाटते.

तरीही आपल्या वाचनालयांत ही दोन कपाटे लांबच राहिली. खेळांच्या कपाटात क्रिकेट, व्यायाम आणि बुद्धिबळाचे डाव, विज्ञानकथा बालविभागाच्या शेजारी. खरे तर खेळ नागपूरकरांच्या अंगात मुरलेला आहे. मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडायची सोय नाही, तेव्हा कूलरसमोर सतरंजी टाकून नवा व्यापार नाहीतर पत्ते, हे घरोघरचे चित्र. बुद्धिबळातला ग्रँडमास्टर रौनक साधवानी याच गावचा. २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुखही इथलीच. अशा गावात खेळ कसे घडतात, कुठून येतात, यावरची पुस्तके कादंबऱ्यांइतकीच सहज हाती लागायला हवीत.

आणि असा खेळ बनवायला विषय तर नागपूरच्या स्टेशनाजवळ उभाच आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची मोठी फौज आणि इंग्रजांची लहानशी तुकडी भिडली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला, इंग्रजांच्या बाजूला गोंधळ उडाला आणि भोसल्यांच्या फौजेतल्या अरब शिपायांनी टेकडी घेतली. मग इंग्रजांकडच्या कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने हल्ला चढवला आणि पारडे फिरले. या लढाईचा पट कुणी मांडायला घेतला, तर नियम लिहिताना पहिलीच अडचण त्या स्फोटाची येईल. तो ठरलेला धरला तर सगळ्यांचे डाव सारखेच होतील. फाशांवर सोडला तर टेकडी कधी पडेल, कधी पडणार नाही, आणि घोडदळ सोडायचे की राखून ठेवायचे, हे खेळणाऱ्याला दर वेळी नव्याने ठरवावे लागेल.