जखमेचा फेस आणि शनिवारचे दोन तास

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. फणस चिरताना विळीने त्यांचं बोट कापलं आणि महिना होत आला तरी जखम ओलीच. साखर तपासली, नॉर्मल निघाली. मग जिन्यातल्या तज्ज्ञांनी निदान केलं: नजर लागली. दाराला लिंबू-मिरची टांगून झाली. लिंबू वाळलं, बोट काही वाळेना.

वहिनींच्या सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, पाच वर्षं झाली. रात्री दोनला उठून त्या ‘मला माझ्या घरी सोडा’ म्हणत दाराची कडी काढायला लागतात. हे ऐकलं आणि मला १९९५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक छोटासा प्रयोग आठवला. एका बोटावरून कुठलंच कारण सिद्ध होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण प्रयोग इतका देखणा आहे की तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ बायका निवडल्या. सगळ्या जणी घरात डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या. तुलनेसाठी साधारण त्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या, पण असा भार नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर मुद्दाम साडेतीन मिलिमीटरची गोल जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. आता जखम ‘भरली’ हे ठरवायचं कसं? फोटो काढलेच, शिवाय जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहिलं. शाळेत गुडघा फुटल्यावर सर जे टाकायचे आणि पांढरा फेस यायचा, तेच हे. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, तो ऑक्सिजन म्हणजे फेस. वरची कातडी बंद झाली की पेरॉक्साइड आतल्या कॅटालेजपर्यंत पोहोचत नाही. फेस थांबला की जखम मिटली! (घरी रोज हा प्रयोग करू नका, नव्या पेशींना ते झोंबतं.)

सांभाळणाऱ्या बायकांच्या जखमा सरासरी नऊ दिवस उशिरा मिटल्या.

हे होतं कसं? जखम झाली की आधी रक्त गोठतं आणि मग तिथे दाह सुरू होतो. लाली, सूज, ठणका हा आपल्याला त्रास वाटतो, पण ती दुरुस्तीची पहिली पाळी असते. पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१सारखी रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावणं धाडतात, कचरा साफ होतो आणि मगच नवी कातडी विणायला घेता येते. ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडावरच्या ॲड्रीनल ग्रंथीला निरोप जातो, आणि कॉर्टिसोल हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरतं. कॉर्टिसोलचं एक मुख्य काम दाह आवरण्याचं. दम्यावर डॉक्टर जी स्टेरॉइड देतात, ती याचीच भावंडं. म्हणजे ताणाखाली बोलावणंच दबक्या आवाजात जातं. सांभाळणाऱ्या १३ जणींच्या पांढऱ्या पेशींना प्रयोगशाळेत जिवाणूंच्या घटकाने डिवचलं, तेव्हा त्यांच्यात इंटरल्युकिन-१ बनवण्याचा संदेशही कमीच तयार झाला होता.

इथे एक पेच आहे. कॉर्टिसोल दाह दाबतं, तर दीर्घ ताणातल्या माणसांच्या शरीरात बारीक दाह धुमसत का राहतो? ग्रेगरी मिलर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली कॅन्सर झालेल्या मुलांच्या आईवडिलांचं रक्त तपासलं. त्यात कॉर्टिसोलचं कृत्रिम भावंड मिसळलं, तर इंटरल्युकिन-६ हे दाहाचं आणखी एक रसायन जेवढं दबायला हवं होतं तेवढं दबलं नाही. पेशी ऐकेनाशा झाल्या होत्या. ठाणे स्टेशनवर ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे रोज ऐकणारा माणूस मान तरी वर करतो का? तसंच. वाचक इथे दमला असेल तर त्याने पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, माझी हरकत नाही.

मग कॉर्टिसोल सगळ्यात जास्त कशाने वाढतं? डिकरसन आणि केमेनी यांनी २००४ साली प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या कष्टांपेक्षा दोन गोष्टी भारी ठरल्या: परिस्थिती आपल्या हातात नसणं, आणि लोक आपल्याला जोखत असणं. माझ्या मते घरातल्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्याची सगळी कहाणी या दोन गोष्टींत येते. हा निष्कर्ष माझा, त्यांचा नव्हे. त्यांचे ताण काही मिनिटांचे होते, वहिनींचा पाच वर्षांचा.

म्हणून शिकणं आणि सोबत ही मला दोन वेगळी औषधं वाटतात. ‘घरी सोडा’ म्हणणाऱ्या आजींना ‘अहो, हेच तुमचं घर’ असं समजावत बसायचं नाही. ‘तुमच्या घरी अंगण होतं ना?’ म्हणून विषय वळवायचा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं. एवढं कळलं तरी काहीतरी आपल्या हातात येतं. आणि जिला सगळे ‘सून नीट बघत नाही’ म्हणतात, तिला तेच ऐकून घेतलेल्या आणखी दहा जणी भेटल्या की जोखणारे डोळे जरा कमी होतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांनी अल्झायमर झालेल्यांच्या ४०६ जोडीदारांवर हेच करून पाहिलं: अर्ध्यांना समुपदेशन, गट आणि लागेल तेव्हा फोन. त्यांच्या माणसांना नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायम सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहात, ठेवण्याची वेळ ५५७ दिवसांनी लांबली. ‘कॉर्टिसोल उतरवणाऱ्या’ म्हणून मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला हा आकडा आठवतो.

ठाण्याचं नाव काढलं की अजून लोक ‘तिथे पाठवा याला’ म्हणून हसतात. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली, आणि रुग्णाला शुभार्थी, सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची सवय तिथल्या लोकांनी लावली. ‘काळजीवाहक’पेक्षा हा शब्द मला कितीतरी बरा वाटतो, मालवाहकाचा वास येत नाही. खाडीपलीकडे वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसोबत त्यांच्या पालकांनाही शिकवतं.

वहिनींना मी स्वमदत गटाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘काका, जाईन हो, पण सासूबाईंपाशी बसणार कोण?’ यावर माझ्याकडे कुठलाच शोधनिबंध नव्हता.

आता शनिवारी चार ते सहा मी आजींबरोबर भिकार-सावकार खेळतो. त्यात काही लक्षात ठेवावं लागत नाही. दर वेळी त्या मला नव्याने विचारतात, ‘आपण कुठले?’ आणि हरायला लागल्या की पत्ते पदराखाली सरकवतात.