घरगुती अंडी उबवणी पेटी

कोंबडीच्या पोटाखालची ऊब, ओल आणि हालचाल या तिन्हींची सोय करून फलित अंड्यांतून पिल्ले काढणारी छोटी पेटी. तिला ‘इन्क्युबेटर’ किंवा नुसतेच ‘मशीन’ म्हणतात. घरगुती पेटीत साधारण ३० ते १०० अंडी बसतात. विकत मिळणाऱ्या पेट्या प्लॅस्टिकच्या असतात; घरी केलेली पेटी बहुधा थर्मोकोलचा खोका, पिवळ्या उजेडाचे एक-दोन जुने बल्ब, संगणकातला छोटा पंखा, तापमान-नियंत्रक आणि पाण्याची वाटी एवढ्यावर उभी राहते. (एलईडी बल्ब चालत नाही; त्याची उष्णता पुरत नाही.) कृत्रिम उबवणीची कला नवी नव्हे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवण्याची परंपरा प्राचीन आहे.

सातारा-सांगलीच्या परसातील कोंबडीपालनात या पेटीचे महत्त्व समजायचे तर खुडूक कोंबडी समजून घ्यावी लागते. गावरान कोंबडी १२-१५ अंडी घालते आणि खुडूक होते. शरीरातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडी बंद होतात, ती जागा सोडत नाही. त्यानंतर २१ दिवस उबवण, मग दीड-दोन महिने पिल्लांमागे हिंडणे. त्यामुळे वर्षाकाठी तिची अंडी साधारण ५०-६० भरतात. अंडी पेटीत गेली आणि कोंबडीचा खुडूकपणा मोडला की ती काही आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. कोंबड्या-अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. म्हणून पेटीचा विचार यंत्रापेक्षा या पैशाच्या बाजूने करणे अधिक योग्य आहे. खुडूकपणाला दोष मानू नये. व्हाइट लेगहॉर्नसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातींत तो निवड-पैदाशीने जवळजवळ घालवला गेला, आणि त्या जाती पिल्ले काढण्यासाठी पूर्णपणे यंत्रावर अवलंबून राहिल्या.

पेटीत घालायचे अंडे कोंबड्याबरोबर राहणाऱ्या कोंबडीचेच हवे. दुकानातल्या ट्रेमधले पांढरे अंडे पिंजऱ्यातल्या कोंबडीचे असते, तिथे कोंबडाच नसतो. ते कितीही उबवले तरी वांझच राहणार. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, साठवताना निमुळते टोक खाली असावे आणि जागा थंड असावी. १५ ते १८ अंश सेल्सिअस उत्तम. अंडी धुऊ नयेत. कवचावर जंतूंना अडवणारा पातळ थर असतो, तो पाण्याने जातो. वनराजा, गिरिराजा या सुधारित पक्ष्यांची अंडी उबतात, पण ते संकरित असल्याने पुढच्या पिढीत आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. पिल्ले विकणाऱ्याने घेणाऱ्याला हे आधीच सांगितले पाहिजे.

पंखा असलेल्या पेटीत तापमान ३७.५ ते ३७.८ अंश ठेवतात. बिनपंख्याच्या पेटीत गरम हवा वर साचते, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीला साधारण ३८.५ ते ३९ अंश लागतात. स्वस्त नियंत्रकाच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ताप मोजायचा थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो; तो अंड्यांशेजारी ठेवून ९९.५ ते १०० फॅरनहाइट दाखवतो का, हे अंडी घालण्यापूर्वीच पाहावे. गर्भाला काही तासांची थंडी सोसते, कारण खुडूक कोंबडीही दिवसातून थोडा वेळ उठून दाणापाणी करून येते. जास्तीची उष्णता मात्र सोसत नाही, ४०.५ अंशांच्या वर थोड्याच वेळात पिल्ले मरू लागतात. म्हणून वीज गेल्यावर घाबरून आत गरम पाण्याच्या बाटल्या कोंबण्यापेक्षा पेटी बंदच ठेवावी आणि घोंगडीने झाकावी, हवेची भोके तेवढी मोकळी राहू द्यावीत. खरी अडचण उन्हाळ्याची आहे. जत, आटपाडी, माण भागात दुपारी खोलीच ४० अंशांना टेकते. पेटीला तापवता येते, गार करता येत नाही. शिवाय दुसऱ्या आठवड्यापासून गर्भ स्वतःची उष्णता सोडू लागतात. तिथे पत्र्याच्या खोलीपेक्षा जाड भिंतींच्या माळवदी घराची आतली खोली कितीतरी बरी.

सर्वांत जास्त पिल्ले जातात ती पाण्याच्या हिशेबात. पहिले १८ दिवस आर्द्रता ५०-५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५-७० टक्के, हा नियम पुस्तकी आहे आणि बरोबरही आहे. पण वाटीत किती पाणी ठेवायचे, ते पेटीच्या माहितीपत्रकात मिळत नाही. ते बाहेरच्या हवेवर ठरते. पावसाळ्यात २५ अंशांची, ९० टक्के दमट हवा पेटीत शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४४ टक्क्यांच्या आसपास येते. छोटी वाटी पुरते. हिवाळ्यातल्या रात्री १२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा तशीच तापवली तर उरतात फक्त १३ टक्के. थंडीत हवा गार लागते म्हणून पाणी कमी ठेवणे ही चूक हा हिशेब न कळल्यानेच होते. शिराळा-पाटणच्या पावसात साधलेली वाटी जतच्या उन्हाळ्यात आणि दहिवडीच्या थंडीत कमी पडते. महाबळेश्वरसारख्या १,३०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी विरळ हवेत अंड्यातले पाणी आणखी लवकर उडते.

हा हिशेब अंडे स्वतःच सांगते. १८ दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ टक्के घटायला हवे. ४५ ग्रॅमची दहा अंडी, म्हणजे ४५० ग्रॅम, एकत्र तोलली तर रोज ३ ग्रॅमप्रमाणे सातव्या दिवशी ४२९ आणि अठराव्या दिवशी ३९६ ग्रॅम भरावीत. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा त्याला पुरतो. वजन जास्त घटत असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा. वाटी खोल घेऊन उपयोग नाही, पसरट हवी. वजन घटतच नसेल तर वाटी काढून घ्यावी. कोरडेपणा फार झाला तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. ओल फार झाली तर अंड्याच्या रुंद टोकातली हवेची पोकळी लहान राहते आणि सुजलेले पिल्लू आतच गुदमरते. आर्द्रतामापक तपासायला मिठाचा उपाय आहे. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घ्यावे आणि मापकासह ते प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवावे. मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. जेवढा फरक, तेवढी त्याची चूक.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवतात. फेऱ्या विषम ठेवल्या की रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जात नाही. न फिरवल्यास गर्भ वर तरंगून पापुद्र्याला चिकटतो. पेन्सिलीने एका बाजूस फुली, दुसऱ्या बाजूस गोल काढतात. अठराव्या दिवशी फिरवणे बंद.

सातव्या दिवशी अंधारात अंडे बॅटरीवर धरून पाहतात. कोळ्यासारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसल्या की अंडे भरले. आत रक्ताचे नुसते कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला. काहीच न दिसले तर वांझ. अशी अंडी काढून टाकतात, कारण नासके अंडे उष्णतेने फुटले तर घाण बाकीच्यांवर उडते.

विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घेऊ लागते, मग कवचाला चोच मारते. त्यानंतर ते बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात, आणि या काळात माणसाचा धीर सुटतो. झाकण उघडले की ओल निघून जाते आणि बाकीच्यांचे पापुद्रे वाळतात. कवच फोडून पिल्लू ओढू नये; शिरांतले रक्त आणि बलक आत ओढले जाणे अजून पुरे झालेले नसते. त्या बलकावर ते दोन दिवस अन्नाविना सहज काढते, म्हणून सुकून फुलेपर्यंत पिल्लू पेटीतच राहू द्यावे. इतर पक्ष्यांचा काळ वेगळा असतो: लावी १७-१८ दिवस, बदक व टर्की २८ दिवस.

उबवणीपेक्षा पुढचे दोन महिने अवघड. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये (पिल्लांना दिव्याची ऊब देणाऱ्या जागेत) ३५ अंश ऊब लागते आणि दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करतात. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर गारठली आहेत, दूर पांगली तर तापली आहेत. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत (मानमोडी) रोगाविरुद्ध लासोटा लस देतात. ती चुकवल्यास सगळी बॅच एका आठवड्यात जाऊ शकते. सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शेजारच्या कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र.

गावरान कोंबडा विक्रीला यायला पाच-सहा महिने लागतात. आखाडात मागणी वाढते, म्हणून त्यासाठी अंडी पौष-माघात पेटीत घालावी लागतात, म्हणजे नेमकी कोरड्या थंडीत. बॅचमध्ये निम्मे नर निघतात आणि ते याच बाजाराला जातात. २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातून पसरलेल्या कडकनाथ (काळ्या मांसाची कोंबडी) पालनाच्या योजनेत अंडी व पक्षी परत विकत घेण्याच्या हमीवर अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पेटी घेण्याआधी पिल्ले आठवडी बाजारात कोण घेणार, हे स्वतः फिरून विचारावे.