डाउनलोड फाइलींमधील युनिकोड मजकूर

वेब-ॲप्लिकेशनमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) किंवा टेक्स्ट फाइल उतरवताना तिच्यातली अक्षरे शाबूत ठेवण्याची पद्धत. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) हा प्रश्न केळी बागायतदारांच्या याद्या, बाजार समितीची आवक, पतसंस्थेचे सभासद अशा मराठी तक्त्यांत येतो. ब्राउझरमध्ये ‘चाळीसगाव’ नीट दिसते, एक्सेलमध्ये त्याच रकान्यात रोमन चिन्हांची खिचडी होते.

युनिकोड म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, आणि यूटीएफ-८ म्हणजे ते क्रमांक बाइटांत लिहिण्याची रीत, म्हणजे संकेतन. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेते. ‘जळगाव’ म्हणजे ५ चिन्हे, १५ बाइट. फाइल कोणत्या संकेतनात आहे हे सर्व्हर हेडरमध्ये (फाइलीआधी पाठवलेल्या माहितीत) सांगतो, पण फाइल डिस्कवर उतरली की हेडर मागेच राहतो. मग विंडोजवरचे एक्सेल डबल-क्लिक केलेली सीएसव्ही जुन्या कोडपेजने (विंडोजच्या जुन्या अक्षर-तक्त्याने) वाचते आणि एका अक्षराची तीन चिन्हे करते. म्हणून ओळख फाइलीतच हवी: अगदी सुरुवातीला बीओएम, म्हणजे ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट. पायथनमध्ये ‘यूटीएफ-८-सिग’ निवडले की ते आपोआप लिहिले जातात. पीएचपीत पहिल्या ओळीआधी स्वतः छापावे लागतात. फाइल आधीच हातात असेल तर डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यावे व फाइल ओरिजिन ६५००१ (यूटीएफ-८) करावे. याच वाटेने गट क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ करून घेतलेला बरा, नाहीतर ५/२ची तारीख होते.

बीओएमचा त्रासही आहे. तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रामला दिली की पहिल्या रकान्याच्या नावाला न दिसणारे चिन्ह चिकटते आणि समोर दिसत असलेला ‘गाव’ हा रकाना प्रोग्रामला सापडत नाही. कार्यालयासाठी सरळ एक्सएलएसएक्स (एक्सेलची स्वतःची फाइल) द्यावी, यंत्रासाठी बीओएमविना सीएसव्ही.

बिघाड डोळ्यांनीच ओळखता येतो. तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ‘ए’ (à) आणि ¤ किंवा ¥ पुन्हापुन्हा दिसले, तर मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकला. नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर अक्षरे गेली. बहुधा एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवताना किंवा डेटाबेसच्या जोडणीत. अशा वेळी मूळ नोंदींकडेच जावे लागते. यादी मध्येच तुटली, तर हेडरमधल्या ‘कंटेंट-लेंग्थ’मध्ये (फाइलीच्या लांबीत) बाइटऐवजी चिन्हे मोजली आहेत का ते पाहावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या कृतिदेव फाँटातल्या याद्यांना यांपैकी काहीच लागू नाही. त्या आधी परिवर्तकातून काढाव्या लागतात.

सगळे बरोबर उघडूनही शोध फसतो तो ‘शेतकऱ्याचे’सारख्या शब्दांत. यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकला जातो: स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे न दिसणारे चिन्ह) घेऊन. दिसायला दोन्ही सारखे, बाइट वेगळे, आणि एनएफसी सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची युनिकोडची रीत) ते एक करत नाही. ‘अदृश्य चिन्हे काढा’ असा सरसकट नियम लावला तर दुसऱ्या प्रकाराचा ‘शेतकर्याचे’ होतो. आधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलावा, साफसफाई नंतर.

फाइलीचे नाव मराठीत हवे असेल तर ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या हेडरमध्ये तारांकित ‘फाइलनेम’ वापरून ते टक्के-संकेतनात, म्हणजे प्रत्येक बाइट ‘%’ लावून, लिहावे (इंटरनेट मानक आरएफसी ६२६६, २०११), सोबत जुन्या ब्राउझरांसाठी साधे रोमन नावही द्यावे.