दुपारी ओसरणारा ओढा

वाळवंटी ओढ्याकाठून चालणाऱ्याला उन्हाळ्याच्या तोंडाशी एक गोष्ट दिसते. सकाळी जो दगड पाण्याखाली होता, तो संध्याकाळी परतताना उघडा पडलेला असतो. ‘एवढं ऊन, पाणी आटणारच,’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण ओढ्याच्या चिंचोळ्या पृष्ठभागावरून थेट वाफ होऊन जाणारं पाणी थोडंच असतं. पाणी पिणारे काठावर उभे असतात.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराला लागून साबिनो कॅनियन आहे. खाली सग्वारो निवडुंगांचं सोनोरा वाळवंट, वर २,७९१ मीटर उंचीचा माउंट लेमन आणि त्यावर पाइन-फरचं जंगल. डोंगरावरचं बर्फाचं आणि पावसाचं पाणी या घळीतून उतरतं. त्याच्या काठाला कॉटनवुड, सिकमोर आणि विलो यांची हिरवी पट्टी. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद, दोघांची प्रजाती (जीनस) एकच.

सूर्य वर आला की या झाडांच्या पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं उघडतात. कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि वाफ बाहेर पडते. पानातलं पाणी कमी झालं की खोडातल्या बारीक नळ्यांमधला पाण्याचा सलग स्तंभ ताणला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळे तो तुटत नाही, आणि ताण थेट मुळांपर्यंत पोहोचतो. मुळं असतात काठच्या ओल्या वाळूत. तिथली भूजलपातळी खाली गेली की ओढ्याचं पाणी काठात झिरपू लागतं. रात्री रंध्रं मिटतात, वरच्या अंगाकडून येणारं भूजल खड्डा भरून काढतं आणि पहाटे ओढा पुन्हा चढतो.

वॉल्टर व्हाइट या भूजलतज्ज्ञाने १९३२ साली भूजलपातळीच्या याच चढउतारावरून झाडं किती पाणी पितात हे मोजण्याची रीत मांडली. मध्यरात्र ते पहाटे चारपर्यंत झाडं जवळजवळ पीत नाहीत, म्हणून त्या वेळी पातळी चढण्याचा वेग म्हणजे निव्वळ आवक. समजा तो तासाला ०.२ सेंटिमीटर आहे. दिवसाचे झाले ४.८. पातळी दिवसभरात एकूण १.२ ने घटली असेल, तर उपसा ६ सेंटिमीटर. पण यातली बरीचशी जागा वाळूच्या कणांनी व्यापलेली. वाळू तिच्या आकारमानाच्या दहावा भाग पाणी सोडते असं धरलं, तर झाडांनी प्यायलेलं पाणी ६ मिलिमीटर. विहिरीतल्या एका तरंगकाठीवरून अख्ख्या झाडीची तहान कळते, हे मला फार सुंदर वाटतं.

पानगळीनंतर ऊन असूनही हा चढउतार जवळजवळ थांबतो. दोष फक्त उन्हाचा असता तर तसं झालं नसतं. पट्टीबाहेरचा सग्वारो तर रंध्रं रात्रीच उघडतो आणि कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतो.

आपल्याकडे अजूनही तळहातावर नारळ ठेवून विहिरीची जागा सांगणारे पाणाडे बोलावले जातात. काटेकोर चाचण्यांत ही विद्या योगायोगापेक्षा सरस ठरलेली नाही. शेतातलं उंबराचं झाड नीट पाहा, त्याच्या मुळांना खालचं पाणी खरोखर लागलेलं असू शकतं.

साबिनोत जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दुपारी पाणी ओसरण्याऐवजी चढू लागलं, गढूळ झालं, तर डोक्यावर निळं आकाश असलं तरी लगेच उंचावर चढावं. वर डोंगरात पाऊस झालेला असतो. २००६ च्या जुलैअखेरीस अशाच पावसाने इथे दगडमातीचे लोंढे उतरले आणि घळीतला रस्ता उखडला गेला.