स्टॅन्ली: बंब आणि स्टोव्हवर धावलेली मोटार

पितळी स्टोव्हला पंप मारून, काकड्याने बर्नर तापवून ज्यांनी स्वयंपाक केला आहे, त्यांना स्टॅन्ली मोटारीची निम्मी रचना आधीच ठाऊक आहे. उरलेली निम्मी न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात सापडते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूटन इथे १९०२ पासून १९२४ पर्यंत स्टॅन्ली कंपनीने वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवल्या. बॉयलर फुटायचे म्हणून वाफेच्या गाड्या बंद पडल्या, असे आजही सर्रास सांगितले जाते. स्टॅन्लीच्या बाबतीत ते चूक आहे. तिला भारी पडले ते पाणी, आणि पुढे त्या पाण्यात उतरलेले तेल.

फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅन्ली हे जुळे भाऊ. जन्म १८४९, मेन राज्यातल्या किंगफील्ड गावात. फोटोग्राफीच्या कोरड्या काचा (आधीच रसायन लावून वाळवलेल्या) बनवण्याच्या धंद्यात त्यांनी चांगला पैसा मिळवला होता. १८९७ मध्ये त्यांनी पहिली वाफेची गाडी बांधली आणि १८९९ मध्ये गाड्यांचा सगळा व्यवसाय अडीच लाख डॉलरला विकला. नव्या मालकांनी तीच गाडी लोकोमोबील या नावाने बाजारात आणली. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला फ्रीलन आणि त्यांची पत्नी फ्लोरा अशीच एक गाडी घेऊन न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर पोचले. घोडागाड्यांच्या वाटेने साडेसात मैलांची खडी चढण, आणि मोटार तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ. थोड्याच वर्षांत भावांनी नवी रचना करून स्वतःच्या नावाची कंपनी काढली. इंजिनापासून चाकांकडे जाणारी साखळी गेली आणि इंजिन थेट मागच्या आसाला जोडले गेले.

बंबात मधोमध एक नळी असते. तिच्यात जाळ आणि भोवती पाणी. स्टॅन्लीच्या २० अश्वशक्तीच्या बॉयलरमध्ये अशा ७५१ नळ्या होत्या, प्रत्येक जेमतेम अर्धा इंच जाडीची. सगळा बॉयलर म्हणजे २३ इंच व्यासाचे, दीड फुटाच्या आत बसणारे पिंप, पण या नळ्यांच्या भिंतींचे क्षेत्रफळ मोजले तर ते १०० चौरस फुटांच्या आसपास भरते. दहा बाय दहाच्या खोलीची अख्खी जमीन बॉनेटखाली गुंडाळून ठेवावी, तसे. एवढ्या पृष्ठभागातून आच पाण्यात जात असल्यामुळे थोडक्या जागेत भरपूर वाफ तयार होई. दाब चौरस इंचाला ५०० ते ६०० पौंड, म्हणजे घरच्या कुकरच्या जवळजवळ चाळीसपट, आणि पाण्याचे तापमान २५० अंश सेल्सियसच्या घरात. हा ताण सोसण्यासाठी जाड पत्रा वापरला तर वजन वाढते. म्हणून भावांनी पातळ पोलादी कवच घेतले आणि त्यावर पियानोची तार पदर चढवत घट्ट गुंडाळली. ओढीला पियानोच्या तारेइतके चिवट पोलाद त्या काळी दुसरे क्वचितच मिळे.

पाणी संपले आणि जाळ चालूच राहिला, तर आधी बॉयलरमधला शिशाचा बूच वितळे आणि वाफ मोठ्या आवाजात बाहेर पडू लागे. त्यानंतरही कुणी लक्ष दिले नाही, तर नळ्यांची टोके जिथे पत्र्यात फुलवून बसवलेली असत, तिथले सांधे झिरपू लागत. शेकडो ठिकाणी थोडा थोडा दाब निसटला की एकदम स्फोट व्हायला जोर उरत नाही. बॉयलर निकामी होई, नव्या नळ्यांचा खर्च अंगावर येई, पण माणसे वाचत.

बॉयलरखालचा बर्नर म्हणजे मोठा स्टोव्हच. दाबाखालचे रॉकेल आधी बर्नरवरून जाणाऱ्या नळीत तापून त्याची वाफ होते, मग ती बारीक छिद्रातून सुटते, हवेत मिसळते आणि बिडाच्या जाळीवर निळ्या ज्योतीने जळते. दुखणीही स्टोव्हचीच. तापणाऱ्या नळीत काजळी धरली की ज्योत मंदावते, मग आत तार घालून नळी खरवडावी लागते. छिद्र तुंबले तर पिन मारायची. रॉकेलचा दाब कमी पडला तर मिश्रण धिम्या गतीने येते आणि ज्योत मागे सरकून हवा मिसळण्याच्या नळीत शिरते. मोठा फटका ऐकू येतो आणि बर्नर घुमायला लागतो. अशा वेळी इंधन बंद करायचे, नळी निवू द्यायची आणि पहिल्यापासून पेटवायचे. धीर न धरता लगेच काडी लावली तर ज्योत पुन्हा आतच जाते.

इंजिन मात्र पाहत राहावे असे. चार इंच व्यासाचे दोन आडवे सिलिंडर, दट्ट्याची धाव पाच इंच. वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते, त्यामुळे एका फेऱ्यात चार धक्के मिळतात. पेट्रोलच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला तेवढ्यासाठी आठ सिलिंडर लागतात. वाफ सुरुवातीपासूनच पूर्ण जोर देते, म्हणून क्लच नाही आणि गिअरबॉक्सही नाही. ताशी ६० मैलांच्या वेगातही इंजिन मिनिटाला सुमारे ९०० फेरेच घेते. उलटे जायचे तर एका पेडलने व्हॉल्व्हची वेळ बदलायची. तीच यंत्रणा वेग पकडल्यावर सिलिंडरमध्ये येणारी वाफ लवकर बंद करते आणि उरलेली धाव वाफेच्या प्रसरणावर निघते, त्यामुळे पाणी वाचते.

सकाळी थंड गाडी चालू करायची तर क्रम ठरलेला. आधी पाण्याची पातळी. ती बघितल्याशिवाय काडी ओढायची नाही. मग टॉर्चने पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारा छोटा बर्नर, तापवायचा आणि त्यात पेट्रोल सोडायचे. पायलट मुख्य नळी तापवतो, तोवर हातपंपाने रॉकेलला दाब द्यायचा. नळी चांगली तापली की मुख्य इंधन हळूहळू उघडायचे. वाफ धरायला वीस मिनिटे ते अर्धा तास. रात्रभर पायलट जळत ठेवला तर सकाळी लगेच निघता येते.

वाफ धरली तरी लगेच निघायचे नाही. थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ शिरते आणि तिचे पाणी होते. पाणी दाबले जात नाही, आणि दट्ट्या त्यावर जोरात आदळला तर इंजिन मोडू शकते. म्हणून सिलिंडर तापेपर्यंत गाडी हातभर पुढे, हातभर मागे, असे अगदी हळू झुलवत पाणी बाहेर काढायचे. इंजिन आसाला कायमचे जोडलेले असल्यामुळे ते नुसते जागच्या जागी फिरवता येत नाही. गाडीच्या पुढेमागे मोकळी जागा ठेवावी लागते, ती याचसाठी.

२६ जानेवारी १९०६ रोजी फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीचवर फ्रेड मॅरियटने उलट्या होडीच्या आकाराची स्टॅन्ली ताशी १२७.६६ मैल, म्हणजे २०५ किलोमीटर वेगाने पळवली. वाफेच्या गाडीचा हा विक्रम २००९ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी त्याच वाळूवर गाडी उधळून तिचे तुकडे झाले. मॅरियट वाचला, पण भावांनी शर्यती कायमच्या सोडल्या.

रोजच्या वापरात मात्र मोठी अडचण पाण्याची होती. काम झालेली वाफ सरळ हवेत सोडलेली, त्यामुळे दर मैलाला जवळजवळ एक गॅलन पाणी संपे आणि तीस-चाळीस मैलांवर थांबावे लागे. रस्तोरस्ती घोड्यांसाठी पाण्याचे हौद होते तोवर हे निभले. १९१४ मध्ये जनावरांत लाळ्या-खुरकूत पसरली आणि अनेक ठिकाणचे हौद बंद करण्यात आले. १९१५ च्या मॉडेलपासून स्टॅन्लीने पुढे रेडिएटरसारखा कंडेन्सर बसवला. वाफेचे पुन्हा पाणी करून ते टाकीत परत घ्यायचे. एका भरणीत आता शंभर मैलांच्या वर जाता येऊ लागले.

इथेच नवे दुखणे लागले. सिलिंडरला वंगण म्हणून वाफेत जाड तेल सोडावे लागते. पूर्वी ते वाफेबरोबर बाहेर जाई, आता पाण्याबरोबर टाकीत आणि तिथून बॉयलरमध्ये येऊ लागले. नळ्यांवर तेलाचा पातळ थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, धातू लाल होतो आणि सांधे गळतात. बंबात क्षार साठला की पाणी तापायला उशीर लागतो, त्यातलाच प्रकार, फक्त तेल क्षारापेक्षा कितीतरी पटींनी वाईट. टाकीत तेल वेगळे करण्याची सोय केलेली होती, पण वर तरंगणारे तेल मालकाने नियमाने काढले तरच तिचा उपयोग. शिवाय कंडेन्सरमधून येणारे पाणी गरम. चढावर ते इतके तापे की पंपाच्या तोंडाशी त्याची वाफ होई, पंप कोरडा फिरे आणि पाण्याची पातळी उतरे. पंपावर गार पाणी ओतून तो निववायचा, हा त्यावरचा उपाय.

त्यातच कंडेन्सरच्या गाड्या जड, आणि बॉयलर तोच २३ इंची. तासभर दामटली की वाफ बनते त्यापेक्षा जास्त खर्च होई, दाब उतरे आणि मोठमोठ्या गाड्यांना सहज मागे टाकणारी स्टॅन्ली ताशी ४० मैलांच्या आसपास रेंगाळे. खरे तर कंडेन्सरबरोबर बॉयलर आणि वंगण या दोन्हींचा नव्याने विचार व्हायला हवा होता.

बाहेरचे जगही बदलले होते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. हात मोडणारे हँडल गेले आणि अर्धा तास वाफेची वाट पाहण्याला काही अर्थ उरला नाही. भावांनी १९१७ मध्ये कंपनीतून अंग काढून घेतले. फ्रान्सिस ३१ जुलै १९१८ रोजी मोटार अपघातात गेले. अखेरच्या काळात स्टॅन्लीची किंमत चार हजार डॉलरच्या आसपास होती, फोर्ड मॉडेल टी पाचशेच्या आत मिळे. १९२४ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद पडला.

ज्यांच्याकडे आज चालती स्टॅन्ली आहे, त्यांना कंडेन्सरच्या गाडीतले तेल अजूनही चुकलेले नाही. फेरी मारून आल्यावर टाकीचे झाकण उघडायचे, शोषून घेणाऱ्या कापडाने वरचा तवंग टिपून घ्यायचा, आणि बॉयलरचा दाब थोडा उतरला की तळाचा व्हॉल्व्ह उघडून गाळ बाहेर फेकायचा.