गच्चीवरचा एसी बंद केला, म्हणजे नक्की काय बंद झालं?

आषाढात मुहूर्त संपले की मंगल कार्यालयाचे मालक गच्चीवरच्या एसीचा मेन स्विच खाली ओढतात. चार महिने हॉल रिकामा, मग वीज कशाला जाळायची? नाशिकजवळच्या अशाच एका कार्यालयाच्या गच्चीवर मी गेल्या कार्तिकात उभा होतो. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, पहिलं बुकिंग चार दिवसांवर. शेठनी सकाळी मेन चढवून एसी लावून बघितला होता. "पाच मिनिटं खडखड वाजला, म्हणून मीच बंद केला," त्यांनी मेकॅनिकला सांगितलं.

मेकॅनिक त्यावर काही बोलला नाही. त्याने मशीनशेजारच्या आयसोलेटरचा, म्हणजे मशीनची वीज पुरती तोडणाऱ्या स्विचचा, दांडा खाली केला, त्यात स्वतःचं कुलूप अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली.

"अरे, बंदच आहे की ते!"

"शेठ, थर्मोस्टॅट बंद आहे. मशीन नाही."

घरच्या स्प्लिट एसीचे दोन भाग असतात, एक खोलीत आणि एक बाहेर. गच्चीवरच्या या पॅकेज मशीनमध्ये कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल, पंखे सगळं एकाच लोखंडी पेटीत असतं. खाली उतरतात ते फक्त हवेचे डक्ट. गॅसचे पाइप जागेवर जोडावे लागत नाहीत, कारखान्यातच गॅस भरून सील केलेला असतो, ही त्यातली मोठी सोय. हे मशीन १० टनांचं होतं. हा टन वजनाचा नव्हे. साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता त्याच वेगाने उपसण्याची क्षमता म्हणजे एक टन. १० टनांचं मशीन हॉलमधून सेकंदाला सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता बाहेर काढतं. त्याचं स्वतःचं वजन मात्र अर्ध्या टनाच्या आसपास असतं. हे दोन टन एकमेकांत मिसळून स्लॅबची चिंता करणारे लोक मी पाहिलेत.

चिंता चुकीची नाही, फक्त आकडा चुकीचा. अर्धा टन वजन स्लॅबच्या मधोमध टेकवायचं नसतं. खालच्या बीमवर भार जाईल अशी लोखंडी चौकट आधी बसवायची, आणि हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायचं. आपल्याकडे खरा घोळ होतो तो कोब्यात. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा असतो, त्याखाली वॉटरप्रूफिंग. बोल्टसाठी त्यात ड्रिल घातलं की पुढचा पावसाळा हॉलच्या पीओपीवर नकाशे काढतो. शिवाय ताजी हवा आत घेणारं तोंड भटारखान्याच्या धुराड्यापासून आणि संडासाच्या पाइपपासून निदान तीन मीटर लांब हवं. नाहीतर अक्षतांच्या वेळी जिलेबीच्या तुपाचा वास थेट डक्टमधून येतो.

आता कुलपाकडे येऊ. खाली भिंतीवरचा थर्मोस्टॅट बंद केला की फक्त एक निरोप थांबतो. तो निरोप मिळाला की वीज जोडणारा पेटीतला स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर. त्याच्या वरच्या टोकांपर्यंत तिन्ही फेजचे ४१५ व्होल्ट आलेलेच असतात. आयसोलेटर खाली केल्यावर ते जातात, पण गेले हे गृहीत धरायचं नसतं. मेकॅनिकने मल्टिमीटर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून बघितला, मग मशीनच्या टोकांवर, मग पुन्हा त्याच प्लगवर. मधलं माप शून्य आलं ते मीटर बिघडल्यामुळे नाही, याची खात्री म्हणून तिसरी खेप. कुलूप याचसाठी, की तो पेटीत डोकं घालून बसलेला असताना खालून कुणी येऊन 'लाइट का गेली' म्हणून दांडा वर करू नये.

तरीही वीज पुरती गेलेली नसते. तीन फेजच्या कॉम्प्रेसरला वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर लागत नाही, पण गरम हवा बाहेर फेकणाऱ्या वरच्या पंख्याची मोटर पुष्कळदा सिंगल फेज असते आणि तिला तो असतो. वीज तोडल्यावरही त्याच्या टोकांवर चारशे व्होल्टच्या घरातला दाब उरू शकतो. शेठनी सकाळी पाच मिनिटं पंखा फिरवला होताच. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. ती वाईट आहे. त्यात कपॅसिटर खराब होतो, आणि कधी डोळ्यापर्यंत उडतो. या मेकॅनिककडे रेझिस्टर बसवलेली वायर होती, तिने त्याने तो सावकाश रिकामा केला. त्या पंख्यात त्याने लाकडाची पट्टीही अडकवली, कारण गच्चीवरच्या वाऱ्याने पातं आपोआप फिरतं.

वीज गेली, आता गॅस. मशीन बंद असलं तरी त्यातला दाब कुठेही जात नाही, तो ठरतो भोवतालच्या तापमानावर. आर-४१०ए हा गॅस ३५ अंशांना, काहीही चालू नसताना, चौरस इंचाला सुमारे २९५ पौंड दाबाने बसलेला असतो. गाडीच्या टायरमध्ये ३२ पौंड हवा असते, म्हणजे हा नऊपट झाला. जुन्या आर-२२चा दाब त्याच तापमानाला १८०च्या आसपास. म्हणून आर-२२चे पाइप आणि गेज आर-४१०एला लावत नाहीत. आत दाबामुळे द्रव झालेला हाच गॅस हवेत सुटला तर उणे ५१ अंशांना उकळतो. बोटावर पडला तर कातडी गोठते.

'दरवर्षी गॅस भरावा लागतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्याचा राग येतो. गॅस हे पेट्रोल नाही, तो जळून संपत नाही. तोच गॅस वर्षानुवर्षं गोल फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे फाटक्या खिशात टाकलेले पैसे. तो आकाशात जातो ते वेगळंच. आर-४१०एचा एक किलो, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. गळती तपासायला पाइपांत कोरडा नायट्रोजन भरतात, तोही रेग्युलेटर लावून. नायट्रोजनचा सिलिंडर हाताशी नाही म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन लावणं हा या धंद्यातला सगळ्यात जीवघेणा शॉर्टकट. आत कॉम्प्रेसरचं तेल असतं, आणि दाबाखालचा ऑक्सिजन नि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

पाण्याचं मात्र उलटं आहे. ते मशीन चालू असताना अडतं आणि बंद केल्यावर वाहतं. शेकडो माणसांचा घाम-श्वास असलेल्या हॉलमध्ये १० टनांचं मशीन थंड कॉइलवर तासाला सहज १०-१२ लिटर पाणी जमवतं. ते खालच्या ट्रेमध्ये पडतं. पण ब्लोअर, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणारा पंखा, कॉइलच्या पलीकडे बसून हवा ओढत असतो, त्यामुळे ट्रेजवळचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. किती कमी? समजा इंचभर पाण्याच्या उंचीइतका. म्हणजे नळी सरळ बाहेर काढली असेल तर पाणी बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवाच नळीतून आत घुसते, ट्रे भरत जातो आणि थेंब उडून डक्टमध्ये शिरतात. ऐन मंगलाष्टकांत स्टेजवर पाणी टपकतं, सगळे गच्चीच्या स्लॅबला दोष देतात, आणि मशीन बंद करताच साचलेलं पाणी शहाण्यासारखं बाहेर निघून जातं. मग गळती कुणाला सापडतच नाही.

उपाय म्हणजे नळीला यू आकाराचा वाक, ट्रॅप. त्यात उभं राहिलेलं पाणी बुचासारखं हवा अडवतं. त्या पाण्याची उंची ब्लोअरच्या ओढीपेक्षा निदान इंचभर जास्त पाहिजे. इथला ट्रॅप नीट होता, पण चार महिन्यांत कोरडाठाक पडलेला, वरून कबुतरांची पिसं. मेकॅनिकने मास्क लावून ती काढली. वाळलेल्या विष्ठेची धूळ वारंवार फुप्फुसांत गेली तर दुखणं कायमचं जडू शकतं. मग त्याने पिण्याच्या बाटलीतलं पाणी ट्रॅपमध्ये ओतलं. दहा सेकंदांचं काम.

फिल्टर धुणं, कॉइलच्या पंखांमधली धूळ उलट्या बाजूने हलक्या पाण्याने काढणं, ब्लोअरचा पट्टा बोटाने दाबून बघणं, हे त्याने भराभर उरकलं. मग मला सकाळच्या खडखडीचं कारण सांगितलं.

गॅसला थंड जागा आवडते, आणि तेल फारच आवडतं. मशीन दीर्घकाळ बंद राहिलं की तो हळूहळू कॉम्प्रेसरच्या तळाच्या तेलात विरघळून बसतो. मशीन सुरू होताच आतला दाब एकदम उतरतो आणि गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर होतं तेच होतं. तेलाला फेस येतो, फेसाबरोबर तेल उडून जातं, बेअरिंग कोरडी पडतात. द्रव गॅस दबला न गेल्याने खडखड होते. हे टाळायला कॉम्प्रेसरच्या बुडाशी छोटा हीटर असतो, थर्मोस्टॅट बंद असतानाही तेल गरम ठेवणारा. मेन ओढला की तोही जातो.

सगळे पॅनेल बसले, स्क्रू मोजले गेले. त्याने कुलूप काढलं, आयसोलेटर चढवला. काहीच हललं नाही.

"लाव की आता," शेठ म्हणाले.

"उद्या याच वेळेला. चोवीस तास हीटर चालू दे."

"म्हणजे पावसाळ्यात मेन ओढला तेच चुकलं म्हण."

"नाही. ते बरोबर होतं. आज सकाळी एसी लावायचा, तर मेन काल सकाळीच चढवायला हवा होता."

शेठ थोडा वेळ त्या पेटीकडे बघत राहिले. "हीटरला बिल किती येतं?"

"सत्तर वॅटचा आहे. दिवसाला पावणेदोन युनिट."